पिळण्याचा पराक्रम

अमेरिकेच्या १९६८ च्या संघीय बंदूक कायद्यात एक गंमत दडलेली आहे. रायफलच्या ज्या भागावर क्रमांक कोरलेला असतो तो रिसीव्हर म्हणजे कायद्याच्या लेखी बंदूक. बाकीचा ऐवज, म्हणजे दस्ता, चाप, दुर्बीण आणि जिच्यातून गोळी प्रत्यक्षात सुटते ती नळीदेखील, नुसते सुटे भाग. १९३४ च्या कायद्याप्रमाणे नळी १६ इंचांहून आखूड नसली म्हणजे झालं. एरवी वॉशिंग्टनला तिच्याशी फारसं कर्तव्य नाही. त्यामुळे तिकडच्या एखाद्या निवृत्त गृहस्थाने जेवणानंतर नळी मागवली, तर ती चार दिवसांनी लांब पुठ्ठ्याच्या खोक्यातून दारात येऊन पडते. मागवण्याचं कारण बहुधा सच्चं असतं. काडतुसाचा जाळ दर वेळी नळीच्या मुळाशी थोडंथोडं पोलाद खातो. काही हजार गोळ्या झाल्या, आणि काडतूस तापट जातीचं असेल तर त्याच्या बरंच आधी, नेम विस्कटायला लागतो. तेव्हा जुनी नळी काढायची आणि नवी बसवायची, एवढंच काम. दोन्हीकडे आटे आहेत, आटे फिरतात, आपल्याला दोन हात आहेत. या हिशेबावर गृहस्थ अवजारं विकत घ्यायला निघतो आणि नेमकी उलट्या टोकापासून सुरुवात करतो. माझं म्हणणं असं की घरच्या घरी नळी बदलणाऱ्याने मोजणारं अवजार आधी घ्यावं आणि पिळणारं मागाहून. हे इतकं उघड आहे, की ते जवळजवळ कोणीच का करत नाही याचाच शोध घ्यायला हवा.

पहिलं कारण म्हणजे पिळणारी अवजारं दिसायलाच भारदस्त असतात. आयोवा राज्यात माँटेझुमा नावाच्या गावी बॉब ब्राउनेल यांनी १९३९ साली बंदूक दुरुस्तीचं सामान विकायला सुरुवात केली. तिथून निघालेला जाडजूड कॅटलॉग हा अमेरिकन गॅरेजमधला मोठा वाचनीय ग्रंथ आहे. तो चाळला की आपल्याकडे काय काय नाही हे माणसाला प्रथमच कळतं. त्यात नळी धरायचा व्हाइस असतो: पोलादाचे दोन जाड ठोकळे, मध्ये नळीच्या घेराचे ॲल्युमिनियमचे किंवा पितळेचे बुश, आणि ते आवळायला भलेमोठे बोल्ट. नळ्या मुळाशी जाड आणि तोंडाकडे निमुळत्या असल्यामुळे एका घेराचा बुश दुसऱ्या नळीला चालत नाही, म्हणून बुशांचा संच. व्हाइस टेबलाला बोल्टने बसवला की लक्षात येतं की आता नळी फिरत नाही, टेबल फिरतं. मग टेबल जमिनीत ठोकायचं. एवढं करूनही गुळगुळीत नळी बुशात घसरतेच, आणि तेव्हा शोध लागतो की या सगळ्या लोखंडी थाटाची मदार शेवटी चिमूटभर राळेवर आहे. व्हायोलिनच्या गजाला चोळतात तीच ही राळ. ती बुशात भुरभुरली की पकड बसते. कॅटलॉगात तिलाही जागा आहे, पण चित्र छोटं.

व्हाइसने नळी धरली, आता रिसीव्हर फिरवायला खास पाना हवा. यात दोन पंथ आहेत. एक पाना रिसीव्हरच्या पुढच्या कड्याला बाहेरून मिठी मारतो. दुसरा मागच्या बाजूने आत शिरतो आणि एरवी काडतूस मागून बंद करणारा रायफलचा बोल्ट जिथून सरकतो त्या खोबणींत अडकतो. बाहेरच्या पान्याची अडचण अशी की रेमिंग्टन ७०० चा रिसीव्हर गोल आणि माउझर किंवा विंचेस्टर ७० चा तळ सपाट, त्यामुळे ज्याच्याकडे दोन रायफली त्याच्याकडे तीन पाने असतात. तिसरा चुकीचा मागवलेला. आतल्या पान्याने बाहेर ओरखडा उमटत नाही, म्हणून तो सभ्य समजला जातो. दोन्हींत निवड करायची तर कसोटी एकच आहे, आणि ती दिसण्याची नाही. जोर आट्यांच्या जितका जवळ लागेल तितका चांगला. पुढे घट्ट बसलेली नळी आणि मागे शेपटाला धरून मारलेला झटका, यांच्यामध्ये जे काही असेल ते पिळवटतं. आणि मध्ये जे असतं तीच कायद्याच्या लेखी बंदूक. हे समजून पाना घेणारा माणूस मोजणाऱ्यांच्या गटाकडे अर्धा सरकलेला असतो. उरलेले पान्याच्या दांड्याची लांबी बघतात.

आता यादीच्या तळाशी असलेल्या वस्तूकडे येऊ. पोलादाचे दोन ठोकळे, अंगठ्याएवढे, काडतुसाच्या आकाराचे. एकाचं नाव गो, दुसऱ्याचं नो-गो. पिंपरी-चिंचवडला किंवा कोल्हापूरजवळ शिरोलीच्या कारखान्यांत लेथवर उभं राहिलेल्या माणसाला यापुढे काहीच सांगायला नको; तो दिवसभर हेच करतो. इतरांसाठी सांगायचं तर, काडतूस नळीच्या मुळाशी असलेल्या चेंबरमध्ये जिथे टेकतं त्या जागेपासून बोल्टच्या तोंडापर्यंत जे अंतर असतं त्याला हेडस्पेस म्हणतात. नळी बदलली की ते अंतर नव्याने जुळवावं लागतं. गो गेज आत घातला तर बोल्ट मिटला पाहिजे, नो-गो घातला तर मिटता कामा नये. .३०८ विंचेस्टर या काडतुसासाठी गो १.६३० इंचांचा असतो आणि नो-गो १.६३४ इंचांचा. फरक चार थाऊंचा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा. या चार थाऊंत सगळा खेळ आहे, कारण त्या काडतुसाचा दाब दर चौरस इंचाला ६२,००० पाउंडांपर्यंत जाऊ शकतो. आपल्या स्वयंपाकघरातला कुकर साधारण पंधरा पाउंडांना शिटी देतो आणि तेवढ्याने घरातली माणसं दचकतात. इथे त्याच्या चार हजारपट दाब पितळेच्या पातळ पुंगळीने आणि तिच्या पाठीशी उभ्या असलेल्या बोल्टने मिळून अडवायचा आहे. अंतर जास्त राहिलं तर पुंगळी बुडाजवळ ताणते, कधी फाटते, आणि तापलेला वायू मागे येतो. मागे म्हणजे ज्या बाजूला गृहस्थाने गाल टेकवलेला असतो.

हे दोन ठोकळे साधारण तीस-चाळीस डॉलरना एक या भावात मिळतात. सगळ्या सामानात ही स्वस्त खरेदी, आणि हीच पुढच्या महिन्यावर ढकलली जाते. याचं कारण कंजूषपणा नव्हे; कंजूष माणूस मुळात एवढा मोठा व्हाइस घेणारच नाही. खरं कारण असं की पान्याने काहीतरी घडतं आणि गेजने फक्त कळतं. आणि जे कळतं ते बऱ्याच वेळा वाईट असतं. रविवारी दुपारी, सगळं आवळून झाल्यावर, नो-गोवर बोल्ट अलगद मिटला, तर गृहस्थाच्या हातात तीन तासांच्या कष्टाचा निकाल येतो: नापास. स्वतःचा निकाल लावणारी वस्तू स्वतःच्या पैशाने आणायला फार मोठं मन लागतं. शिवाय शेजाऱ्याला दाखवण्यासारखं त्यात काही नाही. दीड हात लांबीचा पाना भिंतीवर टांगता येतो. गेज टांगला तर खिळाच मोठा दिसतो.

पिळण्यावरच्या या श्रद्धेला इतिहासाने किमान दोनदा चांगली चपराक दिली आहे, आणि दोन्ही वेळा घरगुती हौशी माणसांना नव्हे तर कारखान्यांना. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने एम १९१७ नावाच्या रायफली घाईघाईने बनवल्या. त्यांतल्या पेनसिल्व्हेनियातल्या एडीस्टोनच्या कारखान्यातल्या रायफली गनस्मिथ मंडळींत अजून बदनाम आहेत. नळ्या इतक्या जोरकस आवळल्या होत्या, की पुढे त्या काढताना रिसीव्हरच्या पुढच्या कड्याला बारीक तडे गेलेले आढळू लागले. तडा असा, की साध्या नजरेला दिसत नाही; चुंबकीय तपासणीत दिसतो. म्हणजे पिळणाऱ्याने युद्ध जिंकल्याच्या आनंदात हात झटकले आणि मोजणाऱ्याला काही वर्षांनी खरी हकिकत कळली. यावर अनुभवी लोकांनी काढलेला उपाय फारच शहाणा आहे. जुनी नळी भंगारातच जायची असेल तर ती लेथवर चढवून रिसीव्हरला लागून एक अरुंद चर पाडायचा. रिसीव्हरला भिडलेल्या नळीच्या खांद्यावरचा ताण सुटतो आणि घट्ट बसलेली नळी मुकाट्याने फिरते. ताकद एवढ्याशा चरापुढे हरते, पण चर पाडायला लेथ लागतो, आणि लेथ पान्यासारखा भिंतीवर टांगता येत नाही.

दुसरा दाखला पिळण्याचा नाही, नुसत्या अंदाजाचा आहे, पण माझ्या मते तो अधिक बोलका आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रशाळेत १९०३ नमुन्याच्या रायफलींचे रिसीव्हर भट्टीत तापवले जात, आणि पोलाद हवं तेवढं तापलं की नाही हे मुरलेले कारागीर रंगावरून ठरवत. अनेक वर्षांचा अनुभव, सरावलेली नजर, सगळं होतं. महायुद्धाच्या काळात काही रिसीव्हर फुटले तेव्हा चौकशी झाली आणि भट्टीला तापमापक लावले गेले. तेव्हा उमगलं की लख्ख उन्हाच्या दिवशी तापलेलं पोलाद डोळ्यांना फिकं दिसतं, म्हणून कारागीर ते आणखी तापवतो. ढगाळ दिवसाच्या मानाने हा फरक ३०० अंश फॅरनहाइटपर्यंत जात होता. अतितापलेलं पोलाद ठिसूळ झालं. जनरल ज्युलियन हॅचर यांनी १९४७ च्या आपल्या पुस्तकात ही हकिकत नोंदवली आणि तेव्हापासून ८,००,००० च्या खालचे क्रमांक असलेल्या स्प्रिंगफील्ड रायफलींकडे जाणकार लोक जरा लांबून बघतात. कारागिरांचा हात वाईट नव्हता. आकाशात ढग आहेत की नाहीत यावर रायफलची मजबुती ठरत होती, एवढंच. गॅरेजमध्ये उभं राहून ‘हाताला कळतं’ म्हणणाऱ्या गृहस्थाने त्या दिवशी ऊन किती पडलंय ते एकदा बाहेर येऊन बघावं.

उलट बाजूचा पुरावा सॅव्हेज कंपनीच्या ११० या रायफलीत आहे. निकोलस ब्रूअर यांनी तयार केलेली ही रायफल १९५८ साली बाजारात आली. तिच्या नळीला खांदा नाही. त्याऐवजी आट्यांवर एक नट आहे. गो गेज चेंबरमध्ये ठेवायचा, बोल्ट मिटायचा, नळी गेजला टेकेपर्यंत हाताने फिरवायची आणि नट आवळायचा. मग नो-गो घालून खात्री करायची. कारखान्यात जोडणी स्वस्त व्हावी म्हणून काढलेली ही युक्ती पुढे हौशी लोकांना वरदान ठरली, आणि त्याचं कारण नट मजबूत होता हे नव्हे. या रचनेत गेजशिवाय पुढे सरकताच येत नाही. मोजणं हीच पहिली पायरी, पिळणं शेवटची. १९६२ सालच्या रेमिंग्टन ७०० मध्ये उलट आहे: नळीला खांदा, तो रिसीव्हरला घट्ट भिडणार, आणि हेडस्पेस जुळवायचा तर खांदा किंवा चेंबर लेथवर कापायचा. शिवाय धक्का झेलणारी चकती खांदा आणि रिसीव्हर यांच्यामध्ये सुटी बसते आणि नळी आवळताना तीही सोबत फिरते, म्हणून ती सरळ धरायचं आणखी एक अवजार. हौशी मंडळींनी यावर तोड काढली आणि रेमिंग्टनलाही सॅव्हेजसारखा नट लावायला सुरुवात केली. ही तडजोड कारखान्याने नाही, गॅरेजने केली, हे मला फार आवडतं. पिळणाऱ्यांच्या वस्तीत मोजणाऱ्यांचा हा एक गनिमी छापा आहे.

इथे कोणी म्हणेल की टॉर्क पानासुद्धा मोजणारंच अवजार आहे की. आहे, आणि लोक तो आनंदाने घेतात, कारण तो मोजता मोजता पिळतो. पण तो काय मोजतो ते बघा. एम १६ घराण्याच्या रायफलीत नळीचा नट किमान ३० फूट-पाउंडांना आवळायचा आणि ८० च्या वर जायचं नाही, असं अमेरिकन लष्कराची पुस्तिका सांगते. मध्ये कुठेही थांबा. नटाची खाच गॅसच्या नळीशी जुळली म्हणजे पुरे. तीस आणि ऐंशी यांच्यामध्ये अडीचपटीहून जास्त मोकळं रान आहे. त्या रानात अचूक पोचण्यासाठी गृहस्थ तपासणीचं प्रमाणपत्र असलेला महागडा टॉर्क पाना घेतो, आणि जिथे मिलिमीटरच्या दहाव्या भागाची गाठ आहे तिथे ‘बोल्ट बरोबर मिटतोय असं वाटतंय’ यावर भागवतो.

दुसरा आक्षेप जुन्या लोकांचा. आमच्या आजोबांनी ओकच्या लाकडाचे दोन ठोकळे, ट्रकचा जॅक आणि पान्याला पाइप, एवढ्यावर नळ्या बदलल्या. हे खरंच आहे आणि त्यांतल्या लाकडी ठोकळ्यांवर हसण्यासारखं काही नाही. राळ लावलेलं लाकूड नळीला उत्तम धरतं आणि ओरखडे कमी पाडतं. पण अशा आठवणींत एक मेख असते. ज्या आजोबांनी हे चुकीचं केलं त्यांच्या आठवणी नातवंडं फारशा अभिमानाने सांगत नाहीत. शिवाय त्या आजोबांपैकी जे चांगले होते त्यांच्या खणात गेज होते, हे सांगायचं राहून जातं. काटकसरच करायची तर ती मोजण्यातही करता येते. काही हौशी लोक नो-गो विकत घेत नाहीत. गोच्या बुडाला पारदर्शक चिकटपट्टी लावतात. तिचा एक थर साधारण दोन थाऊंचा, दोन थर म्हणजे चार. अट एवढीच की चिकटपट्टी मायक्रोमीटरने मोजून घ्यावी. या जुगाडाला माझा आक्षेप नाही, कारण हा मोजण्यातला जुगाड आहे. पाइप घालून दांडा लांबवणं हा पिळण्यातला जुगाड.

तिसरा आक्षेप शहाणा आहे: हे सगळं सोडा, काहीशे डॉलर द्या आणि रायफल गनस्मिथकडे टाका. एकाच रायफलीची नळी आयुष्यात एकदा बदलायची असेल तर हा सल्ला बिनतोड आहे, आणि म्हणूनच तो कोणी ऐकत नाही. अवजारांची किंमत एका कामावर टाकली तर ती परवडत नाही, म्हणून गृहस्थ ती दहा कामांवर वाटतो. मग उरलेली नऊ कामं शोधायला लागतो. जर्मनीने हा प्रश्न दुसऱ्याच पद्धतीने सोडवला. ब्लाझर कंपनीच्या १९९३ सालच्या आर ९३ रायफलीत नळी एका ॲलन कीने सुटते आणि बसते. मात्र तिकडे नळी हा बंदुकीचा महत्त्वाचा भाग मानला जातो आणि मालकाच्या परवाना-पुस्तिकेत त्याची नोंद लागते. म्हणजे जिथे नळी सहज बदलता येते तिथे कागद आड येतो, आणि जिथे कागद नाही तिथे दीड हाताचा पाना लागतो.

आपल्याकडे प्रश्नच येत नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात शस्त्र म्हणजे त्याचे भागसुद्धा, आणि कलम ५ प्रमाणे शस्त्राची दुरुस्ती, फेरबदल किंवा चाचणी परवान्यावाचून करता येत नाही. तेव्हा ठाण्यातल्या बाल्कनीत हा छंद सुरू करण्याचा विचार वाचकाने सोडून द्यावा. तरी मोजण्याच्या बाजूने आपलं माणूस उभं आहेच: कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या प्रकारात कांस्यपदक मिळवलं, त्यात ५० मीटरांवरचं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं आणि अंतिम फेरीत प्रत्येक गोळीचे गुण दशांशात लागतात. तिथे ‘वाटतंय’ला जागा नाही. अमेरिकेत एच-१बी व्हिसावर गेलेल्या मराठी इंजिनिअरची गोष्ट आणखी मजेची आहे. शिकारीच्या परवान्यासारखी एखादी कायदेशीर सवलत नसेल तर त्याला तिथे रायफल बाळगता येत नाही. पण व्हाइस, पाने, राळ आणि दोन्ही गेज घ्यायला संघीय कायद्याची हरकत नाही. अख्ख्या अमेरिकेत गेज आधी आणि रायफल मागाहून घेण्याची पाळी कायद्याने आणली ती बहुधा याच माणसावर.

राहता राहिली ती उरलेली नऊ कामं. शेजाऱ्याची रायफल फुकट करून देता येते, पण फुकट कामांनी व्हाइसचे पैसे फिटत नाहीत. पैसे घेऊन दुसऱ्यांच्या रायफली दुरुस्त करण्याचा धंदा मांडला की संघीय परवाना लागतो. त्याची फी पहिल्या तीन वर्षांना २०० डॉलर. अर्जात धंद्याची जागा लिहायची असते आणि स्थानिक नियमांनुसार तिथे असा धंदा चालतो असं लिहून द्यावं लागतं. या टप्प्यावर गृहस्थ प्रथमच टेप घेऊन गॅरेज मोजायला निघतो.